एवढंच मावतं

एसटीत चढल्यावर आतल्या पत्र्यावर रंगवलेली एक ओळ आपण सगळ्यांनी वाचली आहे. बसणारे इतके, उभे इतके. लग्नसराईत गाडीत त्याच्या दीडपट माणसे असतात, मांडीवर पोरे असतात, पायाखाली बोचकी असतात. तरी ती ओळ कुणी पुसत नाही. लिफ्टमध्ये तशीच एक पट्टी असते. मालगाडीच्या डब्याच्या अंगावरही त्यात किती माल भरायचा ते रंगाने लिहिलेले असते. वस्तू स्वतःविषयी सांगत असते की मला इतके पेलते, याहून अधिक पेलत नाही.

आज आपली नावे, जमिनी, शिधापत्रिका, बँकेतली खाती ज्या यंत्रात राहतात, त्या यंत्रात अशी पट्टी असते का? असते. ती कुठे असते, तिच्यावर काय लिहिलेले असते आणि आपल्यासारख्या साध्या माणसाला तिचा उपयोग काय, एवढेच आज सांगायचे आहे.

आता कवी माणसाला ही उठाठेव कशाला, असे तुम्ही विचाराल. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. संगणकाशी माझा संबंध कविता टाइप करण्यापुरता. पण या विषयाशी माझे एक जुने येणे आहे. ते आधी सांगतो.

२००६ साली वडील गेले. त्यानंतर आईच्या नावाने एक कागद करायचा होता. आईचे नाव खैरुन्निसा अब्दुलगफूर शेख. कचेरीतून कागद छापून आला, त्यावर नाव होते ‘खैरुन्निसा अब्दुलगफू’. आडनाव गायब आणि वडिलांच्या नावातला शेवटचा ‘र’ही गायब. मी खिडकीशी जाऊन दाखवले. आतले गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी चष्मा वर करून कागद पाहिला आणि म्हणाले, ‘‘अहो, संगणकात एवढंच मावतं.’’

पुढच्या कचेरीत आईच्या जुन्या कागदावर पूर्ण नाव होते. तिथे सांगण्यात आले की या दोन बायका वेगळ्या दिसतात. मग मुद्रांकाचा कागद, प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार. खैरुन्निसा अब्दुलगफूर शेख आणि खैरुन्निसा अब्दुलगफू ही एकच व्यक्ती आहे, असे आईने शपथेवर लिहून दिले. सही करताना ती एवढेच म्हणाली, ‘‘तुझ्या अब्बांच्या नावातला र कुठं ठेवला रे त्यांनी?’’

गफूर म्हणजे क्षमा करणारा. अब्दुलगफूर म्हणजे त्या क्षमाशीलाचा सेवक. ‘गफू’ला काही अर्थ नाही.

‘एवढंच’ म्हणजे किती? ते कुठे लिहिले आहे? आणि कोणी ठरवले? हे तीन प्रश्न तेव्हा मला विचारता आले नाहीत. आई २०१५ मध्ये गेली. उत्तरे मला त्यानंतर मिळाली आणि तीही घरातच.

माझी धाकटी मुलगी संगणकाचे शिक्षण घेऊन पुण्यात नोकरी करते. एका सुटीत तिने आमच्या गावच्या वाचनालयाच्या जुन्या वह्या संगणकात घालायचे मनावर घेतले. त्यासाठी तिने पोस्टग्रेस नावाची प्रणाली निवडली, कारण ती फुकट आहे आणि भरवशाची आहे. अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ साली हा प्रकल्प सुरू केला. आज जगभरातले प्रोग्रामर मिळून ती सांभाळतात.

अशा प्रणालीला डेटाबेस म्हणतात. म्हणजे वाचनालयाची कपाटभर रजिस्टरेच, फक्त यंत्रातली. प्रत्येक रजिस्टर म्हणजे एक तक्ता. तक्त्याला उभे रकाने असतात. सभासद क्रमांक, नाव, पत्ता. प्रत्येक सभासदाची एक आडवी ओळ. रकान्यांना नावे द्यावी लागतात आणि ती मराठीतही देता येतात. मुलीने हौसेने मराठी नावे दिली. एका रकान्याचे नाव ‘सभासदाने_परत_केलेल्या_पुस्तकाची_तारीख’, दुसऱ्याचे ‘सभासदाने_परत_केलेल्या_पुस्तकाची_स्थिती’. शब्दांमधल्या आडव्या रेघा अशासाठी, की नावात मोकळी जागा सोडलेली यंत्राला सहसा चालत नाही.

यंत्राने तक्ता करायला नकार दिला. मात्र गप्प बसून नव्हे. आधी सूचना आली की नाव लांब आहे, ते कापून ‘सभासदाने_परत_केलेल्या_प’ एवढेच ठेवतो. दुसऱ्या नावालाही तीच सूचना. आणि मग चूक दाखवली, की एकाच तक्त्यात एकाच नावाचे दोन रकाने कसे? कापल्यावर दोन्ही नावे एकच झाली होती. पुस्तकातला ‘पु’ जाऊन ‘प’ राहिला होता, उकारसुद्धा मावला नाही.

मी म्हणालो, ‘‘बघ, इथेही एवढंच मावतं.’’

ती हसली. ‘‘हो अब्बा. पण किती मावतं ते यालाच विचारता येतं. थांबा, विचारते.’’

मंडळी, इथून खरी गोष्ट सुरू होते. वाचनालयात पुस्तके असतात आणि पुस्तकांची सूची असते, जिला आपण कॅटलॉग म्हणतो. डेटाबेसमध्येही कॅटलॉग असतो. कोणते तक्ते आहेत, त्यांना कोणते रकाने आहेत, कोणाला काय पाहायची मुभा आहे, हे सगळे त्यात असते. विशेष म्हणजे हा कॅटलॉगही तक्त्यांच्याच रूपात मिळतो. ज्या भाषेत आपण सभासदाचा पत्ता विचारतो, त्याच भाषेत यंत्राला त्याच्या स्वतःविषयी विचारता येते.

ही कल्पना एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाची. ते अमेरिकेत आयबीएममध्ये काम करत. माहिती तक्त्यांच्या रूपात मांडावी, हा विचार त्यांनी १९७० साली एका निबंधात मांडला आणि पुढे सगळे जग त्या वाटेने गेले. १९८१ साली त्यांना संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८५ मध्ये त्यांनी खऱ्या तक्तारूप डेटाबेसची लक्षणे सांगणारे नियम प्रसिद्ध केले. ‘कॉडचे बारा नियम’ म्हणून ते ओळखले जातात, पण क्रमांक शून्यापासून असल्यामुळे मोजले तर तेरा भरतात. त्यातला चौथा नियम कॅटलॉगचा आहे. डेटाबेसने स्वतःचे वर्णन इतर माहितीसारखेच ठेवावे आणि ज्याला अधिकार आहे त्याला ते त्याच भाषेत विचारता यावे.

पुढे ही प्रश्न विचारायची भाषा, जिला एसक्यूएल म्हणतात, तिचे मानक ठरले. पहिले मानक १९८६चे. १९९२च्या मानकात ‘इन्फर्मेशन स्कीमा’ नावाचा एक कप्पा आला. कोणत्याही कंपनीची प्रणाली असो, स्वतःविषयीची माहिती तिने ठरलेल्या नावाच्या तक्त्यांत मांडावी, हा त्यामागचा हेतू. पोस्टग्रेसमध्ये हा कप्पा २००३ साली, ७.४ या आवृत्तीत आला. त्यातले दोन तक्ते मुलीने मला उघडून दाखवले.

पहिला तक्ता आहे वैशिष्ट्यांचा. मानकात ज्या ज्या गोष्टी सांगितल्या आहेत त्यांची शेकडो ओळींची यादी. प्रत्येक गोष्टीला क्रमांक, नाव आणि पुढे एका रकान्यात ‘होय’ किंवा ‘नाही’. जमते की नाही, एवढेच. अर्धेमुर्धे जमत असेल तरी उत्तर ‘नाही’ असेच लिहायचे, पूर्ण जमत असेल तरच ‘होय’.

मुलीला एक नियम घालायचा होता, की एका सभासदाकडे एका वेळी तीनहून अधिक पुस्तके असू नयेत. तक्त्याला अशी तपासणीची अट घालता येते. पण ही अट पाळायची तर एक ओळ लिहिताना बाकीच्या ओळी मोजाव्या लागतात. अशी इतर ओळींत डोकावणारी अट घालता येते का, हा मानकातला एफ ६७१ क्रमांकाचा मुद्दा. त्याच्यापुढे लिहिले होते ‘नाही’. आणि शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्दांचा शेरा होता, त्याचा अर्थ ‘मुद्दाम वगळले आहे’. म्हणजे राहून गेलेले नाही. अशी अट वरवर सोपी दिसते, पण ज्या ओळींकडे बघून ती घातली त्या उद्या बदलल्या तर अटीला पत्ता लागत नाही. खोटी हमी देण्यापेक्षा त्यांनी ‘नाही’ म्हटले. मुलीने मग तोच नियम ट्रिगर नावाच्या दुसऱ्या सोयीने बसवला. दोन दिवस वाया गेले असते, ते एका ‘नाही’ने वाचले.

या तक्त्यात आणखी एक रकाना आहे. ही गोष्ट जमते याची पडताळणी कोणी केली, त्याचे नाव लिहायचा. पोस्टग्रेसमध्ये तो रकाना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत रिकामा आहे. त्यांचे दस्तऐवज कारणही सांगतात, की मानकाप्रमाणे सगळे आहे की नाही याची औपचारिक चाचणी आमचा गट करत नाही, म्हणून तो नेहमी रिकामा. माझ्या आयुष्यात मी ‘तपासले’ असा शिक्का न तपासलेल्या कागदांवर पुष्कळ पाहिला आहे. ज्याची तपासणी झाली नाही त्याची जागा रिकामी ठेवणारे रजिस्टर मी प्रथमच पाहिले.

तेच दस्तऐवज असेही सांगतात, की २०२३च्या मानकाच्या गाभ्यातल्या १७७ सक्तीच्या गोष्टींपैकी किमान १७० आम्ही पूर्ण करतो. आणि ते लिहिले गेले तेव्हा कोणत्याही प्रणालीची चालू आवृत्ती हा गाभा पूर्णपणे पाळत असल्याचा दावा करत नव्हती. सात गोष्टी कमी आहेत हे कुणी पकडून दाखवायच्या आधी त्यांनीच लिहून ठेवले आहे.

दुसरा तक्ता मापांचा. इथे एसटीतली ती रंगवलेली ओळ सापडते. एका तक्त्यात जास्तीत जास्त रकाने किती, तर १६००. एका प्रश्नाच्या उत्तरात किती, तर १६६४. काही मापांपुढे शून्य आहे. इथे शून्याचा अर्थ ‘काहीच नाही’ असा नाही. मर्यादा नाही किंवा ती सांगता येत नाही, असा आहे. आणि ज्या सोयीचे ते माप आहे ती सोयच नसेल, तर जागा कोरी. मुलगी म्हणाली की हा तक्ता मुख्यतः मध्यस्थ प्रोग्रामांसाठी आहे. एक यंत्र दुसऱ्या यंत्राशी व्यवहार करण्याआधी त्याला विचारते की बाबा रे, तुला किती पेलते? दस्तऐवजच सांगतात की इतरांना याचा फारसा उपयोग होणार नाही. मला झाला.

रकान्यांच्या आकड्यामागेही बारीक अटी आहेत आणि त्या दस्तऐवजांत दिलेल्या आहेत. रकान्यांत मोठे आकडे ठेवायचे असतील तर १६०० रकानेही बसणार नाहीत, कारण एक ओळ आठ किलोबाइटच्या एका पानात मावावी लागते. आणि काढून टाकलेला रकानाही मोजणीत धरला जातो. आपण पुसला, दिसेनासा झाला, तरी त्याची जागा हिशेबात राहते. संसारात हे आपल्याला ठाऊक असते.

आता नावाचे माप. रकान्याच्या नावाची कमाल लांबी ६३. पुढे शेऱ्यात एक वाक्य. त्याचा अर्थ असा, की अक्षरसंचानुसार हे माप कमी असू शकते.

त्या एका वाक्यावर मी बराच वेळ थांबलो. कारण तो शेरा आपल्यासाठी आहे.

ही ६३ अक्षरे नाहीत, ६३ बाइट आहेत. बाइट म्हणजे यंत्रातली साठवणीची एक लहान डबी. इंग्रजीचे अक्षर एका डबीत बसते. युनिकोडमधली देवनागरी आज ज्या पद्धतीने साठवतात, तिच्यात आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन डब्या लागतात. आणि चिन्ह म्हणजे आपण मानतो ते अक्षर नव्हे. काना वेगळा, मात्रा वेगळी, उकार वेगळा, जोडाक्षरातला हलन्तही वेगळा. म्हणजे इंग्रजाला ६३, तर आपल्याला २१ चिन्हे. ‘सभासदाने_परत_केलेल्या_’ इथपर्यंत १९ चिन्हे आणि तीन रेघा होतात. १९ त्रिक ५७ आणि तीन रेघांचे तीन, एकूण ६०. उरले तीन बाइट. त्यात ‘प’ बसला, उकार बाहेर राहिला. हिशेब चोख आहे.

मी वही घेऊन आईचे नाव मोजले. ‘खैरुन्निसा अब्दुलगफूर’. डोळ्यांना दिसतात ती अक्षरे दहा. मी कवी, माझ्या मात्रांच्या हिशेबात पंधरा. यंत्राच्या चिन्हांत, मधली मोकळी जागा धरून, एकवीस. आणि बाइटांत एकसष्ट. तेच नाव रोमन लिपीत लिहिले तर बावीस चिन्हे आणि बावीसच बाइट. नाव एक, मोजण्या इतक्या. तेव्हा ‘एवढंच मावतं’ असे कोणी म्हटले, की ‘कोणत्या मापाने?’ हा पहिला प्रश्न.

पण मंडळी, इथे एक घोटाळा होऊ देऊ नका. ६३ची मर्यादा रकान्याच्या नावाला आहे, रकान्यात लिहिलेल्या मजकुराला नाही. वहीच्या मथळ्याची जागा वेगळी, वहीत लिहायची जागा वेगळी. मजकुराच्या बाबतीत पोस्टग्रेसच्या एका खान्यात एक गिगाबाइट मावते, म्हणजे देवनागरीची पस्तीस कोटींहून अधिक चिन्हे. माझ्या सगळ्या कविता, माझ्या उस्तादांच्या सगळ्या गझला आणि गावच्या वाचनालयातली सगळी पुस्तके घातली तरी ते भरणार नाही. मग आईचे नाव का मावले नाही?

मुलीने तिसरा तक्ता उघडला. त्याच कप्प्यातला, रकान्यांची माहिती देणारा. आपण बनवलेल्या प्रत्येक रकान्याची त्यात एक ओळ असते आणि आपण काही बदलले की ती ओळही बदलते. त्यात दोन स्वतंत्र जागा आहेत. एक, या रकान्यात कमाल किती चिन्हे. दुसरी, कमाल किती बाइट. रकाना बनवणाऱ्याने चिन्हांची मर्यादा घातली नसेल, तर पहिली जागा कोरी असते. घातली असेल, तर घातलेला आकडा दिसतो.

‘‘अब्बा, हा आकडा यंत्र ठरवत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तक्ता करणारा ठरवतो.’’

तिने मला करून दाखवले. नावाच्या रकान्याला वीस चिन्हांची मर्यादा घातली आणि आजीचे नाव लिहिले. यंत्राने कापले नाही. त्याने चूक दाखवली, की हे मूल्य वीसपेक्षा लांब आहे, मी घेणार नाही. मग तिने स्वतःच्या हाताने ते वीसवर कापायला सांगितले, तेव्हा निमूटपणे कापले. पडद्यावर आले ‘खैरुन्निसा अब्दुलगफू’.

मोजून पाहा. विसावे चिन्ह ‘फ’चा दीर्घ उकार. एकविसावा ‘र’.

त्या कचेरीतही कोणीतरी, केव्हातरी, वीस हा आकडा टाइप केला असावा. वाईट हेतूने नव्हे. त्याच्या डोळ्यांसमोर जी नावे होती ती वीसमध्ये बसत असतील. लांब नावाला सूचना न देता कापावे, हेही माणसानेच सांगितले असेल. खिडकीतल्या गृहस्थांना तो आकडा ठाऊक नव्हता. म्हणून एका माणसाचा निर्णय ‘संगणकात एवढंच मावतं’ असा निसर्गनियम होऊन आमच्यापर्यंत पोहोचला आणि त्याचे प्रतिज्ञापत्र माझ्या आईला करावे लागले.

यंत्राला मर्यादा असतात. पोस्टग्रेसमधली नावाची मर्यादा २००२ पर्यंत ३१ होती, ७.३ या आवृत्तीत ती ६३ झाली. मर्यादा असण्याबद्दल माझी तक्रार नाही. कवितेच्या ओळीलाही असते. तक्रार आहे ती न सांगितलेल्या मर्यादेबद्दल. या प्रणालीने स्वतःचे ‘नाही’ लिहून ठेवले आहे, आकडे लिहून ठेवले आहेत आणि त्या आकड्यांना आपल्या लिपीमुळे कुठे तडा जातो तेही एका ओळीत लिहून ठेवले आहे. तेव्हा तुमचे, तुमच्या आईचे, सुनेचे नाव कुठे कापले गेले आणि ‘एवढंच मावतं’ असे उत्तर मिळाले, तर भांडू नका. नम्रपणे विचारा, की साहेब, नावाच्या रकान्याची कमाल लांबी किती ठेवली आहे आणि ती बदलायचा अधिकार कोणाकडे आहे? हे उत्तर कॅटलॉगमध्ये विचारून मिळू शकते. खिडकीवरच्या माणसाला ते पाहायची मुभा नसेल, पण आत कोणाला तरी ती असते.

वाचनालयाचे काम त्या सुटीत पुरे झाले. रकान्यांची नावे मुलीने आखूड केली, ‘परत_तारीख’ आणि ‘परत_स्थिती’. सभासदाच्या नावाच्या रकान्याला तिने लांबीची मर्यादा घातलेली नाही. जुन्या वहीत आई सभासद होती, मासिके नेत असे. तिची ओळ मुलीने मला लिहायला लावली. मी एकेक चिन्ह बघून लिहिले, खैरुन्निसा अब्दुलगफूर शेख. यंत्राने काही न बोलता ते ठेवून घेतले.